अंगठेवाले मगदूम

सुकुमार मगदूम यांची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही, आधी कुठं काम केलं तेही विचारलं नाही. त्यांनी माझा अंगठा मागितला.

मी शाळेत आणि क्लासात मराठी शिकवण्यात निम्मं आयुष्य घालवलेली बाई. सही येत असताना कुणी अंगठा मागितला की माझ्या पिढीच्या माणसाला तो अपमान वाटतो. मी जरा ताठ होऊन सांगितलं, की मला सही करता येते.

"सही नको बाई. सहीनं गाणं लागत न्हाई," असं म्हणून त्यांनी माझा हात कागदावर ठेवला आणि अंगठ्याभोवती पेन्सिल फिरवली. मग तो कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि समाधानानं म्हणाले, "बुटका हाय. फोनच्या वरच्या कोपऱ्याला जन्मात पोचायचा न्हाई. उद्यापास्नं या."

आयुष्यात माझ्या अंगठ्याचं झालेलं हे पहिलं नि शेवटचं कौतुक.

राजारामपुरीतल्या त्या इमारतीत खाली औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर मी शिकवायचे तो क्लास आणि दुसऱ्या मजल्यावर मगदुमांचं ऑफिस. क्लासच्या मालकांना एक दिवस साक्षात्कार झाला, की मराठीला कुणी क्लास लावत नाही. त्यामुळं मी एक जिना चढून वर गेले. वर मोबाइलवर गाणी ऐकायचं एक ॲप तयार होत होतं. कंपनी बेंगळुरूची. ॲप कसं दिसावं, कुठलं बटण कुठं असावं, हे ठरवायचं काम मगदुमांचं, आणि त्या बटणांवर मराठी लिहायचं माझं.

हे ॲप साध्यासुध्या लोकांसाठी नव्हतं. ते 'इमर्जिंग मार्केट'साठी होतं. म्हणजे ज्यांचा फोन स्वस्तातला, काच तडकलेली, आणि दिवसाचा डेटा दुपारी जेवायच्या आधीच संपलेला, असे देशोदेशीचे लोक. म्हणजे, थोडं खोलात गेलं तर, आपण. कोल्हापूरच्या माणसाला 'तुम्ही अजून वर यायलाय' असं तोंडावर सांगून बघा. मगदूम सांगायचे. घरमालकांना त्यांनी एकदा प्रेमानं सांगितलं, की तुम्ही आमचं इमर्जिंग मार्केट आहात. घरमालकांनी शांतपणे विचारलं, की ही तीन मजली इमारत माझी, भाडं तुम्ही देताय, मग वर कोण यायचंय?

घरमालकांचा संशय तसा आधीपासूनचा होता. मगदुमांनी ऑफिसची एक अख्खी भिंत अंगठ्यांनी भरली होती. रिक्षावाले, औषध दुकानातला कंपाउंडर, पोस्टमन, जिना पुसणाऱ्या मावशी, जो सापडेल त्याचा अंगठा कागदावर काढून भिंतीला चिकटवायचा. घरमालकांचाही काढला होता. त्यांना त्या रात्री झोप लागली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन आले. भाचा वकिली करतो. त्यानं सगळी भिंत निरखून पाहिली, आणि यात जागा लिहून घेण्याजोगं काही नाही, असा निर्वाळा दिला. तरी मामांनी आपला अंगठा भिंतीवरून काढून खिशात घातला आणि मगच खाली उतरले.

मगदुमांचा सगळ्यात लाडका शब्द 'फ्रिक्शन'. माणूस आणि त्याचं काम यांच्यामध्ये जे जे अडतं ते फ्रिक्शन, आणि मगदुमांचा जन्म ते काढून टाकायला झालेला. ॲपमध्ये नाव विचारलं तर फ्रिक्शन. गाणं लागायच्या आधी गोल गोल चक्र फिरलं तर फ्रिक्शन. इथवर ठीक होतं. पण ही दृष्टी एकदा आली की ती फोनपुरती राहत नाही. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं म्हणून त्यांनी ते फेकून दिलं. मुंग्यांच्या दृष्टीनं त्या दिवशी आमचं ऑफिस जगातलं सर्वोत्तम ॲप झालं. मग त्यांची नजर संडासाच्या कडीकडं गेली. कडी गंजलेली, दोन हातांनी ओढावी लागायची. कुणीही माणूस तेल घाला म्हणाला असता. मगदुमांनी कडीच काढून टाकली.

तेव्हापासून आत गेलेल्या माणसानं गाणं म्हणायचं, असा ऑफिसात रिवाज पडला. आमच्या हिशेबनिसांना गाणं येत नव्हतं. ते पाढे म्हणायचे. मगदूम यावर खूश. माणसं आपणहून गायला लागली, यालाच उत्तम डिझाइन म्हणतात, असं ते बेंगळुरूच्या साहेबांना सांगत होते ते मी कानांनी ऐकलंय.

गंमत म्हणजे हा माणूस स्वतः गाणं ऐकत नसे. ऑफिसात कुणी लावलं तर आवाज बंद करायला सांगे, लक्ष जातं म्हणून. मिठाईच्या दुकानात बसून जन्मभर कारल्याचा रस पिणाऱ्यासारखं ते होतं. पण फोनवर मात्र त्यांचा जीव. जुन्या बाजारातून ते मुद्दाम फुटके फोन विकत आणायचे. चांगला फोन दाखवला की नाक मुरडायचे. जितका फोन मरायला टेकलेला, तितका मगदुमांच्या चेहऱ्यावर उजेड. ॲप तपासायला बसणाऱ्या पोरांना ते आधी कणीक मळायला लावायचे. कारण युजरचे हात स्वच्छ असतात, हा त्यांच्या मते शहरी लोकांचा भ्रम. इंजिनिअरिंग केलेली पोरं कोपरापर्यंत पीठ माखून गाणी लावत बसलेली मी पाहिली आहेत. ती कणीक मी घरी नेत नव्हते, एवढंच माझ्या बाजूनं सांगते.

या सगळ्यांच्या वर होती कांताबाई. कांताबाई ही मगदुमांनी मनानं रचलेली बाई. तिचं चित्र दारासमोर लावलेलं. वय मध्यम, भाजी विकते, स्वभाव आनंदी, गाण्याची आवड. कुठलाही निर्णय घ्यायचा झाला, की मगदूम चित्राकडं बघून विचारायचे, "कांताबाईला झेपंल काय?" मी लिहिलेले निम्मे शब्द कांताबाईला झेपले नाहीत. नसलेल्या बाईनं माझ्या मराठीत इतक्या चुका काढाव्यात, याचा मला फार राग यायचा.

शेवटी एकदा खरी कांताबाई शोधायला आम्ही उचगावच्या बाजारात गेलो. तिथं चित्राशी मिळतीजुळती एक बाई वांगी घेऊन बसली होती. मगदुमांनी तिला फोन दिला, नवेकोरे इअरफोन दिले आणि गाणं लावायला सांगितलं. तिनं फोन उलटासुलटा करून परत दिला. शेजारच्या दुकानात दिवसभर गाणी लागलेली असतात, ती फुकट ऐकू येतात, मग कानात बोंडं घालून गिऱ्हाईक घालवायचं कशाला, असं तिचं म्हणणं. मगदूम तिला समजवायला लागले. तिला नक्की काय हवंय हे तिला कळत नाही, असं सांगायला लागले. तिनं ऐकून घेतलं. मग वांगी घेणार असाल तर थांबा, नाही तर सावली सोडा, म्हणाली. आम्ही वांगी घेतली. इअरफोन मात्र तिच्याकडंच राहिले, आणि आम्ही रस्ता ओलांडेपर्यंत ते तिनं पलीकडच्या कांदेवाल्याला विकलेसुद्धा.

"डेटा चांगला मिळाला," एवढंच मगदूम म्हणाले आणि वांग्यांची पिशवी माझ्याकडं दिली.

आता त्या वाक्याविषयी सांगते, कारण त्या एका वाक्यानं आमचं वर्ष खाल्लं.

गाणं चालू असताना मध्येच रेंज गेली, तर फोनवर काय लिहून यावं? इतकाच प्रश्न. मी पहिल्या दिवशी लिहून दिलं, 'इंटरनेट जोडणी उपलब्ध नाही.' मगदूम म्हणाले, हे सरकारी ऑफिसच्या खिडकीवर लावा. मी लिहिलं, 'आपला संपर्क खंडित झाला आहे.' ते म्हणाले, हा शाप वाटतो. मी लिहिलं, 'पुन्हा प्रयत्न करा.' यावर ते खुर्चीतून उठले. पहिल्यांदा केला तो प्रयत्न नव्हता काय, माणूस नापास झालाय काय, असं त्यांनी मला विचारलं. मी आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर हेच लिहीत आले होते, त्यामुळं मला ते लागलं. पण पगार त्यांच्या सहीचा होता.

मग एकदा वैतागून मी जगभरच्या ॲपमध्ये चालतं ते इंग्रजी वाक्य सरळ मराठीत आणलं. 'काहीतरी चुकले आहे.' त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"कुणाचं?" त्यांनी विचारलं.

कुणाचंच नाही, असं लिहायची पद्धतच आहे, असं मी म्हटलं. ॲपचं चुकलंय हे वाचणाऱ्याला कळतंच की.

"न्हाई कळत," ते म्हणाले आणि जिना उतरून खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. समोरच्या रसवंतीपाशी उभे होते, पण रस घेत नव्हते. दुपारी परत आले, आणि काही झालंच नाही अशा थाटात म्हणाले, की दुसरं वाक्य लिहा. मी मनात म्हटलं, नाटकी माणूस.

बेंगळुरूच्या साहेबांचं म्हणणं मात्र सोपं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आले आणि त्यांनी फर्मावलं, की गाणं थांबलं की लिहायचं, 'डेटा संपला? लगेच पॅक घ्या', आणि खाली एक भलंमोठं लाल बटण. रेंज गेलेली असो की डेटा संपलेला असो, बटण एकच. साहेबांपुढं मगदूम नेहमी मान डोलवायचे. साहेब म्हणाले सूर्य पश्चिमेला, तर हे त्याचा रंग कुठला ठेवू असं विचारणार. त्या दिवशी मात्र ते नाही म्हणाले. माणूस अडलाय तिथं दुकान मांडू नये, त्याला धीर द्यावा, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं आणि इंग्रजीत नीट बसेना म्हणून पुन्हा मराठीत सांगितलं. साहेबांना मराठी येत नव्हती.

साहेबांनी शेवटी एक सवलत दिली. तुमचं मऊ वाक्य वाचून माणूस थांबतो, हे खऱ्या युजरचा व्हिडिओ काढून दाखवा, मग बघू. आणि जाता जाता त्यांनी सहज विचारलं, की राजारामपुरीत जागेला भाडं किती पडतं. त्या सहजचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना कळला. हिशेबनीस त्या दिवशी संडासात पाढे चुकले.

दुसऱ्या दिवशी मगदुमांनी मला मोटरसायकलवर बसवलं आणि कुरुंदवाडकडं निघाले. तिथं एक युजर आहे, चिडका आहे, सांभाळून घ्या, इतकंच त्यांनी सांगितलं.  वाटेत ते एकदाही फ्रिक्शन म्हणाले नाहीत, आणि रस्ता तर तसा होता.

गावात शिरल्यावर एका घरापाशी त्यांनी गाडी थांबवली. माझ्या हातात युजरच्याच फोनसारखा एक फुटका फोन दिला. त्यात ॲपची दोन रूपं होती. एकात माझं 'काहीतरी चुकले आहे', दुसऱ्यात त्यांनी स्वतः लिहिलेलं वाक्य. ते मला मुळीच पसंत नव्हतं. प्रमाण मराठीत असं कुणी लिहीत नाही, हे मी त्यांना सांगूनही झालं होतं. ते म्हणाले, "मी आत येत न्हाई. मी असलो की टेस्ट बिघडती." आणि गोठ्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिले.

सोप्यात, घराच्या पुढच्या पडवीत, एक दांडगा म्हातारा बसला होता. मिशा पांढऱ्या, पण अजून कुणावर तरी ओरडायला निघाल्यासारख्या. मी कोल्हापूरहून गाण्याच्या ॲपकडून आलेय म्हटल्यावर त्यानं बसा म्हणून पाट सरकवला, आणि आत बघून चहा टाका असं ओरडला. छपरावरची कबुतरं उडाली. आतून एक बाई पाणी घेऊन आली. तिनं बाहेर डोकावून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "आमचं भावजी गोठ्यापाशी का थांबल्यात? घरात येत न्हाईत व्हय?"

तेव्हा मला कळलं, की हा युजर म्हणजे मगदुमांचे वडील. सगळे त्यांना आप्पा म्हणत. ती बाई मोठी सून. आप्पा वीसेक वर्षं गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते, हे तिनंच सांगितलं. त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. दुधात पाणी घालणाऱ्याला त्यांनी कॅनसकट रस्त्यावर काढलेलं. घरातही तेच. दोन्ही मुलगे त्यांच्यासमोर उभ्यानं जेवून मोठे झाले, असं ती म्हणाली.

मी तो फोन आप्पांच्या हातात दिला आणि माझ्या फोनवर व्हिडिओ चालू केला. त्यांना कानडी पदं ऐकायची असत. त्यांची बायको चिकोडीकडची, ती म्हणायची तीच पदं. त्यांनी गाणं बरोबर लावलं. एक कडवं झालं आणि रेंज गेली. तिथं ती जातेच. चक्र फिरलं, आणि माझं वाक्य आलं. काहीतरी चुकले आहे.

आप्पांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग तो दांडगा माणूस एकदम लहान झाला. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली आणि फोनला म्हणाले, "चुकलं माझं. आता न्हाई दाबत."

आणि फोन अंगापासून लांब, हलक्या हातानं, पाटावर ठेवला.

सून माझ्याजवळ टेकली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "कुणाला चुकलं म्हणल्यालं आमी जन्मात ऐकलं न्हाई बगा. सासूबाई गेल्या त्यांना सुदीक न्हाई. आता त्यांच्या फोनवर असलं कायबी आलं, की रोज त्या फोनला म्हणत्यात. भावजींनी दिवाळीत ऐकलं, तवापास्नं त्यांचं डोस्कं फिरलंय."

मी दुसरं रूप उघडून फोन पुन्हा त्यांच्या हातात दिला. गाणं लागलं, रेंज गेली. आप्पांनी पुन्हा वाचायला घेतलं. मोठ्यानं, अडखळत.

'रेंज गेलीय. तुमचं काही चुकलं नाही. गाणं येईल, बसा निवांत.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पाठ भिंतीला टेकली, पाय पसरले आणि फोन मांडीवर ठेवून खरोखरच वाट बघत बसले. थोड्या वेळानं मला विचारलं, की हे कुणी लिहिलंय. मी गोठ्याकडं पाहिलं. आडोशामागून मगदूम जोरजोरात हात हलवून नको नको म्हणत होते. आमच्या कंपनीतल्या एकानं, असं मी सांगितलं.

"चांगल्या घरचं दिसतंय," आप्पा म्हणाले.

परतताना मगदुमांनी नदीच्या पुलाच्या अलीकडं गाडी थांबवली आणि माझा फोन मागितला. व्हिडिओ पाहिला. सुरुवातीपासून पाहिला, आणि फोनला चुकलं म्हणताना आप्पांनी मान खाली घातली तिथं त्यांनी तोंड फिरवून नदीकडं पाहिलं. मग व्हिडिओ पुसून टाकला. मी ओरडलेच. हाच तर पुरावा, हा बघून साहेबांची बोलती बंद झाली असती, आपलं ऑफिस वाचलं असतं, असं काय काय बोलले.

त्यांनी गाडीला किक मारली. "त्यो माझा बाप हाय बाई. सॅम्पल न्हाई."

साहेबांना त्यांनी कळवलं, की युजर मिळाला नाही. लाल बटण आलं. आज ते ॲप देशोदेशी चालतं म्हणतात, आणि गाणं थांबलं की सगळ्यांना पॅक घ्यायला सांगतं. ऑफिसचं भाडं साहेबांनी वाचवलं. मगदूम आता आपल्या फ्लॅटमधून काम करतात आणि मी माझ्या. घरमालकांनी पहिल्याच दिवशी संडासाला नवी कडी बसवली. आमचं ते वाक्य आता एकाच फोनमध्ये आहे. आप्पांच्या. त्यासाठी मगदुमांनी ॲपचं वेगळं रूप बनवून ठेवलंय, आणि ते कंपनीला माहीत नाही.

मध्यंतरी एका रविवारी मी वाडीला दर्शनाला गेले होते. कुरुंदवाड तिथून हाकेवर, म्हणून आप्पांना भेटायला डोकावले. मगदुमांची मोटरसायकल दारात होती. सुनेनं मला चुलीपाशीच अडवलं आणि हसत सांगितलं, की भावजी फोन दुरुस्त करायला आलेत. दर शनिवारी सांजच्याला आप्पा फोन बिघडला म्हणतात, सुकूला बोलव म्हणतात. फोनला काही झालेलं नसतं. आप्पाच बटण दाबून धरतात आणि तो बंद करून ठेवतात. तिनं डोळ्यांनी पाहिलंय.

मी दारातून पाहिलं. बापलेक सोप्यात शेजारी शेजारी बसले होते. मगदुमांनी फोनचं बटण दाबलं. पडदा लगेच उजळला. त्यांनी तो आप्पांना दिसायच्या आत बंद केला, मागचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर घेतली आणि धोतराच्या फडक्यानं सावकाश पुसायला लागले. पुसून झाली, बसवली, पुन्हा काढली. आप्पा मान वाकवून त्यांच्या हातांकडं बघत होते.

"लई बिघडलाय काय रं?" आप्पांनी विचारलं.

"व्हय आप्पा. येळ लागंल."

"लागू दे," आप्पा म्हणाले.